सत्तेचाळिसाव्या पानाची ओळ

"सत्तेचाळिसावं पान गाद्यांच्या जाहिरातीला गेलं," संपादक दारातूनच म्हणाले. "त्या नव्या बाईंची कथा पुढच्या अंकात घेऊ. अनुक्रमणिकेतून ओळ तेवढी काढा."

अण्णांनी मान डोलावली. ती नवी बाई म्हणजे त्यांची बायको. नवऱ्याच्या वशिल्यानं छापून आली असं कुणी म्हणायला नको, म्हणून तिनं कथा माहेरच्या नावानं पोस्टानं पाठवली होती. संपादकांना याचा अजून पत्ता नव्हता. पुढच्या अंकाला महिना होता आणि डॉक्टरांनी काल तिच्या हाती फार तर आठवडाभर आहे म्हणून सांगितलं होतं.

एकतीस वर्षं अण्णा मासिकाच्या अनुक्रमणिकेचं पान लावत होते. सगळ्यांत शेवटी, बाकीचे आकडे पक्के झाल्यावर. पानाचा आकडा पार उजव्या टोकाला टाकून मध्ये ठिपक्यांची रांग ओढणं त्यांना बिलकूल खपायचं नाही. "वाचकाला काय मुंग्यांमागे चालायला लावायचंय?" म्हणत ते आकडा कथेच्या नावाआधी, ठळक घ्यायचे. एवढ्या वर्षांत एक आकडा चुकला नव्हता, की कुणासाठी त्यांनी शब्द टाकला नव्हता. आज टाकावा म्हणून उठले, संपादकांच्या दारापर्यंत गेले आणि तसेच परत फिरले. तिला कळलं असतं तर तिनं त्यांचं तोंड पाहिलं नसतं.

मग ओळ तशीच ठेवून त्यांनी पानाची एक कच्ची प्रत काढली आणि जेवणाच्या सुट्टीत हॉस्पिटल गाठलं.

बायकोनं चष्मा मागितला. "कुठाय?"

"सहावी ओळ. ही बघ."

"सत्तेचाळीस." तिनं आकड्यावरून बोट फिरवलं. "अगदी मधोमध दिलीत हो. वशिला नाही ना लावलात?"

"छे! तू कोण ते त्यांना अजून माहीतसुद्धा नाही." एवढं तरी खरं होतं.

"मग ठीक." तिनं कागद उशाखाली सरकवला. "अंक आला की मोठ्यानं वाचून दाखवायची. आपलं नेहमीसारखं पुटपुटायचं नाही."

"बरं," अण्णा म्हणाले. त्यांना रडू आवरेना, म्हणून ते खिडकी लावायला उठले. खिडकी लावलेलीच होती.

ऑफिसात परतल्यावर त्यांनी ती ओळ काढली. पान मधोमध उघडं पडलं. वरच्या ओळी जराशा खाली, खालच्या जराशा वर, असं करत त्यांनी ती जागा उरलेल्या अकरा ओळींत वाटून टाकली.

संपादकांनी पान हातभर लांब धरून पाहिलं. "वा! काही काढलंय असं वाटतच नाही."

"नाही वाटत," अण्णा म्हणाले, आणि त्यांनी पानाखाली सही केली.