हेल्याच्या नाळेचं शेवटचं प्रकरण

धोंडू मास्तरांचा इतिहास दोन वर्षं एकाच वाक्यापाशी अडून बसला होता, आणि त्याच्यासोबत त्यांची सून सुगंधाही.

इतिहास होता हेल्याच्या नाळेचा. कोकणातून देशावर चढणारी ही जुनी वाट. शेवटच्या टप्प्यात ती कड्याच्या घळीतून जाते, इतकी अरुंद की लादलेले दोन बैल समोरासमोर आले तर एकाला मागे सरावं लागे, आणि बैल काही मागे सरत नाही. मास्तर त्याच मुलखातले. आयुष्यभर शाळा सांभाळून त्यांनी नाळेच्या सनदा, पत्रं, कागद गोळा केले. निवृत्त होऊन घाटकोपरला मुलाच्या दोन खोल्यांत राहायला आले आणि लिहायला बसणार, तोच डोळे गेले. मग काय, सून होतीच. फायनल पास, अक्षर सुरेख. मास्तरांना वाटलं, देवानंच धाडली. सुगंधाचं मत कोणी विचारलं नाही.

सकाळी तिचा नवरा सहदेव कचेरीत गेला की मास्तर हाक मारत, "सूनबाई, चला." ते सांगत, ती लिही. एक शब्द बदलला की पान नव्याने. मिठाचे तांडे चढले, फौजा उतरल्या, कुणा सरदाराची पालखी दोर लावून खाली आली, सगळं तिच्या हातून लिहून झालं. मग सरकारने दुसऱ्या घाटातून गाडीरस्ता काढला, तांडे तिकडे वळले आणि इतिहास थांबला. कारण मास्तरांना शेवटचं वाक्य हवं होतं: अमुक साली नाळेची वाट मोडली. त्या अमुक सालाचा कागद काही सापडेना. पुण्याला चार पत्रं गेली. चारही उत्तरं नन्नाची.

"पण मोडली कुठे, मामंजी?" सुगंधा एकदा म्हणाली. "माझी आई सुकी मासळी घेऊन त्याच वाटेने बाजाराला जायची. मीसुद्धा गेलेय ना."

मास्तर तिच्याकडे तोंड करून बसले. "पाटीवाल्या बायकांच्या आठवणी म्हणजे इतिहास नव्हे. आणि हे चारचौघांत बोलू नकोस. लोक म्हणतील, मास्तरांची विहीण डोक्यावर ओझी वाहायची."

सुगंधाला संताप आला. तो तिने गिळला, सवयीचं होतं.

त्रेपन्न सालच्या मेअखेरीस तिला कुर्ल्याच्या एका शाळेचं पत्र आलं. अर्ज तिने गुपचूप केला होता. शिक्षिकेची जागा होती; येत्या सोमवारी अकराच्या आत हजर व्हा, नाहीतर जागा दुसऱ्या उमेदवाराला. सहदेव वाईट माणूस नव्हता, पण त्याचा उपयोगही नव्हता. "बाबांचं पुस्तक होऊ दे गं," तो म्हणाला. "मग तू मोकळी."

मास्तरांनीही तेच सांगितलं. "पुस्तक पुरं झालं की खुशाल जा. मी अडवणार नाही."

माणूस शब्दाचा पक्का होता, हीच तर पंचाईत. पुस्तक पुरं व्हायला कागद हवा, आणि वाट कधी मोडलीच नव्हती तर कागद येणार कुठून? हे त्या घरात एकट्या सुगंधाला माहीत होतं. तेव्हा तिनेच शेवटचं प्रकरण लिहायला घेतलं. मास्तर दुपारी आडवे झाले की ती लिही. तीन दुपारींत सात पानं झाली. ती तिने गठ्ठ्याच्या तळाशी लावली.

रविवारी विद्याधर आले. हे मास्तरांचे जुने विद्यार्थी, आता छापखान्याचे मालक. पुस्तक छापायचं की नाही हे ते वाचून ठरवणार होते. चहा घेऊन त्यांनी स्वतःच मोठ्याने वाचायला सुरुवात केली. सुगंधा स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहिली. दिवेलागणीच्या आधी शेवटचं प्रकरण आलं.

"'वाट मोडली नाही,'" विद्याधर वाचू लागले. "'बैल गेले, बायका राहिल्या. नाळेच्या तोंडाशी छातीइतका उंच दगड आहे. भरलेली पाटी जमिनीवर टेकली तर दुसरीने हात दिल्याशिवाय पुन्हा डोक्यावर चढत नाही, म्हणून ती या दगडावर टेकायची. नाळेत लहान मुली घाबरून रडत. तेव्हा पुढची बाई मागे न बघता म्हणे, खाली बघू नको गो बाय, माझ्या टाचांकडे बघ.'"

मास्तर ताठ झाले. आता बिंग फुटेल, सुगंधाला वाटलं. फुटू दे. हाकलून दिलं तरी सुटकाच.

विद्याधरांनी सातही पानं वाचली आणि चष्मा काढला. "मास्तर, खरं सांगू? मागचं सगळं ठीक आहे. पण हे झकास उतरलंय यार... माफ करा, तोंडातून गेलं. कुठून मिळालं हे?"

मास्तरांनी तोंड स्वयंपाकघराच्या दाराकडे वळवलं.

"मीच सांगितलं," ते म्हणाले. "सून लिहून घेते."

"मग मी छापतो. पण एकच नाळ का? त्या रांगेत आणखी दहा-बारा वाटा आहेत. सगळ्यांचं असंच लिहा की!"

"लिहू," मास्तर म्हणाले. "सूनबाई आहे तोवर काय अडतंय?"

रात्री सुगंधाने सहदेवला विचारलं, पुस्तक झालं ना? तो म्हणाला, एक झालं. ती त्याच्याशी पुढे बोलली नाही. जायचं तिने मनात ठरवून टाकलं.

सोमवारी सहदेव कामावर गेल्यावर ती धुवट पातळ नेसली, पत्र पिशवीत घातलं. दहाला पाच कमी होते. एका पायात चप्पल सरकवली, तेवढ्यात खाटेवरून मास्तर म्हणाले, "सुगंधा."

या घरात आल्यापासून त्यांनी तिला नावाने हाक मारली नव्हती.

"पाटीखाली डोक्यावर चुंबळ कशाची करायची गं तुझी आई? पातळाची की गवताची?"

एका शब्दात उत्तर देऊन निघता आलं असतं. "चढताना पातळाची," ती म्हणाली. "उतरताना गवताची. पातळ घामाने भिजून जायचं ना."

"असं?" मास्तर पुढे सरकले. "मला नव्हतं माहीत. आणि त्या दगडावर आधी कोणाची पाटी टेकायची?"

म्हातारा लबाड होता, की त्याला खरंच ऐकायचं होतं? दोन्ही असेल. पण इतक्या वर्षांत तिच्या आईबद्दल कोणी अवाक्षर विचारलं नव्हतं, आणि सुगंधाला बरं वाटलं. फार बरं वाटलं. ती उंबऱ्यावर टेकली. पाचच मिनिटं. जी पोटुशी असेल तिची आधी, ती म्हणाली. मास्तरांनी विचारलं, आणि पावसात? मग पावसातलं सांगितलं. कोण बाई नाळेत बाळंत झाली, तिची पाटी कोणी आणली, तेही सांगितलं. मास्तर मधूनमधून नेमकं विचारत. असं ऐकणारं तिला आजवर कोणी भेटलं नव्हतं.

शेजारच्या घड्याळात ठोके पडू लागले. तिने मोजले. अकरा.

ती बोलायची थांबली.

"दमलीस का गं?" मास्तरांनी विचारलं. इतक्या मायेने की तिला त्यांचा द्वेषही करता येईना.

"नाही," ती म्हणाली आणि पुढचं सांगू लागली. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण आवाज तिने हलू दिला नाही. मास्तर मान डोलावत ऐकत राहिले.