मिसरीपुरतं बसणं

दाढ दुखत होती केशरबाईची. धाकटी जाऊ चांगुणाबाई आपली सोबतीला, जीपच्या धक्क्यांत तिला धरून बसायला. सेनगावच्या स्टँडमागं डॉक्टर दिपालीचा दातांचा दवाखाना. डॉक्टरनं दाढ उपटली, केशरबाईच्या तोंडात कापसाचा बोळा दिला आणि बजावलं, "अर्धा तास घट्ट दाबून धरा. बोलायचं नाही." उभ्या जन्मात केशरबाई अर्धा तास गप्प बसली नव्हती. चांगुणाबाईला हसू आवरेना.

ती हसली म्हणूनच पुढचं सगळं झालं. डॉक्टरचं लक्ष तिच्या काळ्या दातांकडे गेलं.

"मिसरी लावता ना? बसा बरं तुम्हीपण खुर्चीत."

"मला काय बी तकलीफ न्हाई. दुखत न्हाई, खुपत न्हाई. काहून बसू?"

"दुखत नाही तेव्हाच बघायचं असतं, मावशी."

बसली बापडी. डॉक्टरनं तिचा खालचा ओठ बोटानं उलटा केला, दिवा जवळ ओढला. मिसरीचं बोट रोज जिथं फिरायचं, तिथं आतून पांढरा चट्टा होता आणि त्याच्या कडेला लालसर जखम. मानेला, जबड्याखाली बोटं लावून तिनं नीट चाचपून पाहिलं.

"याचा छोटा तुकडा तपासायला पाठवते. कॅन्सर असेलच असं नाही. पण नाही म्हणायलाही तपासलंच पाहिजे."

तुकडा काढायची तयारी करता करता डॉक्टरनं सहज विचारलं, "ही सवय लावली कुणी तुम्हाला?"

केशरबाईचे डोळे घळाघळा वाहू लागले. तोंडात बोळा, बोलता येईना. उत्तर चांगुणाबाईनंच दिलं.

"कुणी न्हाई. माझी मीच शिकले."

धडधडीत खोटं होतं ते.

तपासणीचा निकाल यायला आठवडा होता. चांगुणाबाईचा जीव टांगणीला लागलेला आणि मन मात्र सारखं मागं पळत होतं, लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्याकडे. सासू अशी, की सून टेकलेली दिसली की तिच्या डोळ्यांत सलायची. शेण काढ, दळण दळ, मेंढ्यांचा वाडगा झाड. ते झालं की दुसरं तयारच. घरात सूट एकच होती. मिसरी लावत बसलेल्या बाईला कुणी हाक मारत नसे. सासू स्वतःच मिसरीची भक्त, तेव्हा तो नियम तिलाही मोडवत नव्हता.

एके सकाळी वाडग्यामागं तोंडात पदर कोंबून रडणाऱ्या चांगुणाला केशरबाईनं ओट्यावर आणून बसवलं. रात्री तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजून तिनं मिसरी केली होती. चिमूटभर चांगुणाच्या तळव्यावर ठेवली. "लाव. हे बोट तोंडात हाय तवर तुला कुणी उठवत न्हाई."

त्या दिवशी गरगरलं, उलटीही झाली. पण ती बसली. मग रोजच बसू लागली. गुडघ्याला गुडघा लावून दोघी जावा, मेंढ्या धुक्यात खोकतायत आणि केशरबाई माहेरच्या गोष्टी रंगवून सांगतेय. अर्ध्याअधिक थापाच! इतकं सुख पुढं कशातच मिळालं नाही तिला. सासू गेली, मेंढ्या विकल्या, रानात सोयाबीन आलं, तरी ते बसणं टिकलं होतं. मिसरी सुटली की तेही गेलं, ही धास्ती तिला कॅन्सरइतकीच मोठी वाटत होती. वेडीच म्हणायची.

आठवड्यानं दोघी पुन्हा सेनगावला गेल्या. डॉक्टरनं चांगुणाबाईचा हात हातात घेतला.

"कॅन्सर आहे, मावशी. पण अगदी सुरुवात आहे. मानेला गाठी लागत नाहीत. नांदेडला आणखी तपासतील आणि तेवढाच भाग काढतील. बोलाल, जेवाल. दुखायची वाट बघत बसला असतात, तर जबडा काढायची पाळी आली असती. मिसरी मात्र आजपासून बंद. दोघींची."

आज केशरबाईच्या तोंडात बोळा नव्हता.

"म्याच लावली गं तुला! माझ्या हातानं इख दिलं."

"तुमाला तरी कुठं ठावं व्हतं, बाई? तवा तुमी बसवलं नसतं मला, तर मी या घरात टिकलेच नसते."

केशरबाईनं तिचं डोकं ओढून आपल्या खांद्यावर घेतलं. डॉक्टर दिपाली हळूच बाहेर गेली.

नांदेडला निघायच्या दिवशी दोघी सवयीनं ओट्यावर येऊन बसल्या. बोटांचं काय करावं, ते कळेना. तेवढ्यात चांगुणाबाईची सून दीपमाला भरलेली बादली घेऊन समोरून गेली. मिसरी सोडा, मिसरी सोडा, असं सांगून सांगून या पोरीच्या दातांच्या कण्या झाल्या होत्या. स्वतः तिनं मिसरीला कधी बोट लावलं नाही. म्हणूनच की काय, या घरात तिला सकाळची बसलेली कुणी पाहिलीच नव्हती. चांगुणाबाईला हे आज पहिल्यांदा दिसलं.

"दीपमाला, बस."

"काय आणू, आत्याबाई?"

"काय बी आणू नको. बस इथं."

"काहून? काय झालं?" पोर घाबरली. बादली हातात धरूनच ओट्याच्या कडेला टेकली.

चांगुणाबाईनं ती बादली तिच्या हातातून काढून बाजूला ठेवली.