मावशींचा राग

माणसाच्या आवाजातला राग, माया, थकवा संगणकाला ओळखता यावा, म्हणून शिलाईकाम करणाऱ्या मावशींना काचेच्या खोलीत बोलायला बसवलं होतं. थकवा पहिल्याच फटक्यात जमला. राग मात्र काही केल्या येईना.

"मावशी, तुमच्या तोंडाचा पट्टा गल्लीभर प्रसिद्ध आहे म्हणे!" आवाज नोंदवणारी पोरगी हसली.

"अगं, समोर माणूस नको का? या काचेवर काय ओरडू?"

"मग काकांना आठवा."

काकांना जाऊन वर्ष होत आलं होतं. शेवटच्या सकाळीही औषधावरून मावशींनी काकांना फाडून खाल्लं होतं, आणि काका पाठ फिरवून निजले ते उठलेच नाहीत. ते मावशींच्या जिवाला लागून राहिलं होतं.

त्यांनी डोळे मिटले. "अहो, किती वेळा सांगायचं? घ्या ती गोळी! तुम्हाला काही झालं तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू?"

संगणकाने तो आवाज आधीच्या सगळ्या आवाजांशी ताडून पाहिला आणि मायेच्या रांगेत नेऊन ठेवला.

"घ्या! अजून कच्चाच आहे गडी," पोरगी म्हणाली. "चुकलंय त्याचं. पुन्हा बोला."

"राहू दे गं." मावशींनी डोळे पुसले. "त्याचं नाही चुकलं. यांनाही तेव्हा तसंच ऐकू आलं असेल का, एवढंच सांग मला."