रिळांची शाळा

साथ आली, शाळेला कुलूप लागलं आणि दोन खोल्यांच्या घरात दोन पोरी कोंडल्या गेल्या. मोठी दहा वर्षांची, धाकटी पाचाची; धाकटीला सगळे ठकी म्हणायचे. आई शिवणकाम करायची. खिडकीशी तिचं मशीन, मशीनभोवती कपड्यांचे ढीग आणि त्या ढिगांवर दिवसभर ह्या दोघींची कुस्ती. तिसऱ्या दिवशी ठकीने मशीनचं तेल बटणांच्या डब्यात ओतलं, तेव्हा आईचं डोकं सटकलं.

"ए मोठे, लोळतेस काय नुसती? हिची शाळा घे! महिनाअखेरीला टेकडीवरच्या शाळेची परीक्षा आहे, मोबाइलवरच घेणार आहेत. रंग विचारतात, आकडे विचारतात. हिचा तरी नंबर लागू दे तिथे."

ह्या 'तरी'मागे चार वर्षांचं दुखणं होतं. टेकडीवरच्या शाळेचे गणवेश आईच शिवायची. दुसऱ्यांच्या पोरींसाठी शिवून शिवून तिचा जीव त्या निळ्या फ्रॉकात अडकला होता. मोठी सहा वर्षांची असताना आईने तिच्या मापाचा एक आधीच शिवून ठेवला. मोठी परीक्षेला गेली, बाईंसमोर बसली आणि तिची दातखीळ बसली. रंग नाही, आकडा नाही, साधं नावही सांगता आलं नाही. तेव्हापासून फ्रॉक कपाटात आणि टोमणा आईच्या जिभेवर. घरी कुणी आलं की सुरू, "हिने माझं नाक कापलं हो!"

त्या दुपारी आईने तोच फ्रॉक काढून मोठीच्या मांडीवर टाकला. "कडेची शिवण उसव. ठकीच्या मापाचा करायचाय."

आता काय म्हणावं ह्या बाईला! कात्री स्वतःच्या हातात होती, दोन मिनिटांचं काम होतं. पण नाही, पोरीच्याच हातून उसवून घ्यायचं. मोठीने एकेक टाका काढला. बोटाला सुई टोचली तरी ती उसवतच राहिली. सगळा राग तिने गिळला, आणि गिळलेला राग काही जिरत नाही.

दुसऱ्या दिवशी टेबलाखाली रिळांची शाळा भरली.

"टेकडीवर आपल्यासारखं बोलत नाहीत," मोठी हळूच म्हणाली. "हे लाल रीळ बघ. तिथे ह्याला हिरवं म्हणतात."

"हट!"

"हट काय? शपथ. आणि निळं म्हणजे पिवळं. पण हे गुपित आहे हं. घरात कुणाजवळ बोललीस तर ते तुझं नाव कापतात."

ठकी हरखलीच. गुपित म्हणजे तिचा जीव की प्राण! घरात आईने लाल रीळ मागितलं की ती मुकाट्याने लालच द्यायची, आणि टेबलाखाली शिरली की डोळे मिचकावून म्हणायची, "हिरवं." आकडे एक, दोन, पाच, चार असे पाठ झाले. मोठी मुद्दाम तिला गोंधळवायची, "अगं, लाल म्हणजे लालच!" ठकी फसली की एक चिमटा, नाही फसली की एक बटण. आठवडाभरात ठकी फसेनाशी झाली. तिची मूठभर बटणं जमली. मशीनच्या खडखडाटात आईला शब्द कुठले कळायला? तिला फक्त पोरीचा खणखणीत आवाज ऐकू यायचा आणि ती खूश व्हायची.

परीक्षेच्या दिवशी सकाळी मोठी ठकीचे केस विंचरत होती. ठकीने मूठ उघडून सगळी बटणं तिच्यापुढे धरली.

"ताई, ही तुला. माझा नंबर लागला की मी बाईंना सांगणार, माझ्या ताईलाही घ्या. तिला तुमची भाषा येते."

मोठीचा कंगवा तसाच केसात राहिला. "ठके, ऐक. ते सगळं खोटं होतं. लाल म्हणजे लालच. दोननंतर तीन. आईची शपथ!"

ठकी खदखदून हसली. "मी नाही फसणार जा!"

"खरंच सांगते गं, देवाशप्पथ!"

"लाल म्हणजे हिरवं! आण माझं बटण!"

मोठीने हात जोडले, रडली, शेवटी चिमटासुद्धा काढला. ठकीने दोन्ही कानांत बोटं घातली. ताई आज फारच जोरात फसवत होती, आणि तिला जिंकायचं होतं. एकच रस्ता उरला होता, आईला सांगायचं. मोठी आईजवळ गेलीही. आई त्या फ्रॉकला इस्त्री करत होती आणि स्वतःशीच गुणगुणत होती. मोठीने तिला चार वर्षांत गुणगुणताना पाहिलं नव्हतं. ती तशीच मागे फिरली.

मोबाइलमधल्या बाई गोड हसल्या. त्यांनी लाल पेन्सिल धरली.

"हिरवी!" ठकी ओरडली.

"बरं, आणि तुझा फ्रॉक कोणत्या रंगाचा?"

"पिवळा!"

"आकडे म्हणतेस?"

"एक, दोन, पाच, चार..." थेट शेवटपर्यंत, न अडखळता. बाईंचं हसू मावळलं. "कळवतो हं," म्हणून त्यांनी फोन ठेवला. काय कळवणार, ते आईला तिथेच कळलं.

पहिली थप्पड बसली तेव्हा ठकीला वाटलं, चुकून लागली. दुसरीला ती भिंतीशी गेली. "गधडे! घरात लाल रीळ बरोबर देतेस ना? मग तिथे काय झालं? कुणी शिकवलं तुला हे? बोल!"

ठकीने गालावर हात धरून ताईकडे पाहिलं. ओठ गच्च मिटून घेतले. गुपित होतं ना ते. सांगितलं तर नाव कापतात.

मोठी दारात उभी होती. एक वाक्य पुरलं असतं. चार वर्षांपूर्वी बसली होती तशीच तिची दातखीळ बसली.

आईने थकून खुर्चीत बसकण मारली आणि मोठीला जवळ ओढलं. तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"महिनाभर घसा फोडलास गं हिच्यासाठी! दगडच निघाला, त्याला तू काय करणार? तूच खरी माझी गुणाची."

हे ऐकायला मोठी चार वर्षं थांबली होती. तिने आईच्या खांद्यावर डोकं टेकलं. भिंतीशी ठकी फ्रॉकची बटणं सोडत होती, आणि तिला ती सुटत नव्हती.