आडात आहे, पोहऱ्यात नाही

ताईचा धाकटा भाऊ न्हावी होता, आणि गेलं वर्षभर त्यानं वस्तऱ्याला हात लावला नव्हता. कुणी मनाई केली नव्हती, त्याचं त्यानंच ठरवलं होतं. त्याला फिट यायच्या. महिना महिना यायच्या नाहीत, आणि मग लागोपाठ दोन. "गिऱ्हाईक डोळे मिटून गळा पुढे करतं गं ताई," तो म्हणाला होता, "आणि मला कधी येईल त्याचा नेम नाही." तेव्हापासून तो दुकानात कैची चालवायचा, केस धुवायचा, झाडू मारायचा. दाढीचं गिऱ्हाईक आलं की मालकाकडे बोट दाखवायचा.

औषध नव्हतं असं नाही. चांगलं गुणकारी औषध होतं, पण पाण्याशी त्याचं हाडवैर. पोटात नुसतं गेलं तर विरघळायचंच नाही, जसं आत गेलं तसं बाहेर. लोण्यातुपात मात्र ते विरघळायचं. म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं, की गोळी घ्यायची ती लोणी थापलेल्या पावाबरोबरच. आणि धाकट्याला तर लोण्याच्या वासानंही मळमळायचं. तो कोरडा पाव गोळीबरोबर ढकलायचा आणि बहिणीला थापा मारायचा.

"लोणी खाल्लंस?"

"खाल्लं."

"कुणी, मांजरानं? डबीला बोट लागलेलं दिसत नाही."

ताई एका औषधांच्या कंपनीत प्रयोगशाळेत होती, आणि हेच औषध लोण्याच्या कुबड्यांशिवाय विरघळवायचं काम तिनं मागून घेतलं होतं. का, ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलून दाखवत नव्हतं. औषधाचे कण एकमेकांना घट्ट धरून स्फटिक करतात, मग पाण्याची काय बिशाद त्यांना सोडवायची. तेव्हा वर्गात गप्पिष्ट मुलांच्या मध्ये बाई शांत मुलं बसवतात, तसा तिनं औषधाच्या कणांमध्ये एक पॉलिमर बसवला. दोन्ही एकत्र विरघळवून गरम हवेत फवारायचं. कणांना एकमेकांचा हात धरायला सवड मिळायच्या आतच वाळून भुकटी. त्या भुकटीची गोळी.

कागदावर सगळं झकास होतं, चाचणीत मात्र गोळी आपटत होती. अंगाइतकं कोमट पाणी काचेच्या भांड्यात घ्यायचं, गोळी टाकायची, वरून पॅडल फिरत राहणार, आणि मधून मधून पाणी काढून त्यात औषध किती उतरलं ते मोजायचं. दर वेळी उत्तर एकच यायचं, जुन्या गोळीपेक्षा जेमतेम बरं. प्रयोगशाळेच्या प्रमुख असलेल्या मोठ्या मॅडमनी बरीच कळ काढली होती. आता उद्याच्या बैठकीत हे काम बंद करायचं, असं जवळजवळ ठरलंच होतं.

मोजमाप करणाऱ्या गृहस्थांना सगळी प्रयोगशाळा पाठीमागे शंकासुर म्हणायची. ताक तर ते फुंकून पीतच, पण पाणीही फुंकून पीत असावेत. तोंडावर मात्र सगळे त्यांना काका म्हणत. त्यांचा एक नियम होता: सगळे नमुने काढून झाले की मगच एकदम पलीकडच्या खोलीतल्या मशीनवर न्यायचे. एक आत्ता, एक मग, असं केलं तर एकाला एक न्याय आणि दुसऱ्याला दुसरा. नियम काही वाईट नव्हता. या माणसामुळे कित्येक चुकार गोळ्या पकडल्या गेल्या होत्या.

"काका, शेवटचं एकदा लावा," ताई म्हणाली.

"मॅडम, माझी काय हरकत? पण आडातच नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?"

त्या दिवशी ताईनं एक गोष्ट केली, जी तिनं आधीच करायला हवी होती. आकड्यांची वाट बघत आपल्या खोलीत बसण्याऐवजी ती खुर्ची ओढून भांड्यासमोर बसली. गोळी तळाशी गेली, फुगली, तिच्या कडा सुटल्या, आणि बघता बघता धुरासारखी पसरून नाहीशी झाली. पाणी नितळ. ताई भांड्याला नाक लावून बघत राहिली. तळाशी गाळ नाही, वर तवंग नाही. इतकं औषध गेलं कुठे?

काका नळीनं पाणी काढत होते, गाळणीतून दाबत होते आणि तपकिरी बाटल्यांत भरून ट्रेमध्ये ओळीनं लावत होते. उजेडानं औषध बिघडू नये म्हणून बाटल्या तपकिरी. खोलीत एसी असा, की काका स्वेटर घालून बसत. ताईनं सहज पहिली बाटली उचलली. भांडं अंगासारखं ऊबदार होतं आणि बाटली थंडगार. तिनं ती खिडकीकडे तिरकी धरली. तळावरून काहीतरी हळूच सरकलं.

तिनं वरचं पाणी ओतून दिलं. काचेला पांढरी साय धरली होती.

"काका, इकडे या जरा."

काकांनी चष्मा कपाळावर चढवला, बाटली डोळ्यांशी नेली.

"भांड्यात विरघळलंय," ताई म्हणाली. "पण बाटलीत गार पडून वाट बघत बसतं, आणि तेवढ्यात कण पुन्हा एकमेकांना शोधून काढतात. खाली बसतात. मशीनची सुई घेते वरचं नितळ पाणी. आडात आहे काका, पोहऱ्यात राहत नाहीये."

काकांचा चेहरा उतरला. ताईला वाटलं, आता बिनसणार. इतकी वर्षं ज्या नियमाचा अभिमान बाळगला, त्याच्यावरच कुणी बोट ठेवलं तर कुणाला गोड वाटेल? पण शंकासुराचा मोठेपणा हा, की तो स्वतःलाही सोडत नसे.

"मी गाळून घेतो, झाकतो, सांभाळतो," ते हळूच म्हणाले, "आणि हे माझ्या नाकाखाली? मॅडम, पाणी काढल्याबरोबर अल्कोहोलात मिसळलं तर औषध विरघळलेलंच राहील, खाली बसणार नाही. दुसरं भांडं लावतो. तुम्ही हात लावू नका, नाहीतर म्हणतील मॅडमनी आपलंच घोडं पुढे दामटलं."

त्यांनी स्वतः केलं. प्रत्येक नमुना गरम असतानाच अल्कोहोलात. आकडा आला तो त्यांनी वाचला, मशीन तपासलं, पुन्हा वाचला. मग अख्खी चाचणी पहिल्यापासून लावली, कारण एकदा आलेल्या आकड्यावर विश्वास ठेवला तर ते शंकासुर कसले. दुसऱ्यांदाही तेच. गोळीतलं जवळजवळ सगळं औषध पाण्यात उतरलं होतं, आणि लोण्याचा कण नव्हता. ताई स्टुलावर बसली आणि रडली. काकांनी एसी बंद केला आणि खिडकीबाहेर बघत उभे राहिले.

बैठकीत तिला फारसं बोलावंच लागलं नाही. "चूक माझ्या टेबलावर होती," काकांनी उभं राहून सांगितलं आणि सायीची व अल्कोहोलाची अशा दोन्ही बाटल्या मोठ्या मॅडमपुढे ठेवल्या. मॅडमनी सायीची बाटली तिरकी करून पाहिली. "भांड्यातलं पोटात तसंच टिकेल कशावरून?" त्यांनी विचारलं. ताईनं कबूल केलं, की ते अजून कळायचंय. "मग कळून घ्या," मॅडम म्हणाल्या. "काम चालू."

घरी धाकटा पावाचा तुकडा बशीत इकडून तिकडे फिरवत होता. ताईनं त्याला सगळं सांगितलं, बाटलीतल्या सायीसकट. त्याला निम्मं कळलं.

"म्हणजे आता लोणी बंद?"

"छे रे. आधी पोटात टिकतं का बघायचं, मग माणसांवर चाचण्या, मग परवानग्या. तीन-चार वर्षं धर. आणि नाहीही जमलं तर..."

"पण जमेलही."

"जमेलही," ताई म्हणाली. तिला खोटं बोलायचं नव्हतं, आणि हे खोटं नव्हतं.

तो उठला, कपाटाच्या वरच्या फळीवरून कापडात गुंडाळलेला वस्तरा काढला, आणि पात्यावर अंगठा हलकेच फिरवून बघितला. धार गेली नव्हती, पण बिजागरीशी गंज धरू लागला होता. त्यानं तेलाचा थेंब सोडला, उघडझाप केली, पुसून पुन्हा गुंडाळला आणि जागेवर ठेवला.

"तीन-चार वर्षं हात शाबूत ठेवायला हवा," असं म्हणून तो परत बसला. त्यानं लोण्याची डबी पुढे ओढली, पावावर बोटभर जाड थर दिला, नाक मुठीत धरलं आणि पहिला घास घेतला.