चार मिनिटांत उरकलेला पहारा

मित्रांनो, चिकलठाण्यात जालना रोडला लागून एक फोटो स्टुडिओ आहे. तिथल्या टेबलावर कॉम्प्युटरच्या शेजारी एक काळा, चपटा डबा दिसेल. बहुतेक वेळा त्याच्यावर चहाचा कप ठेवलेला असतो. तो डबा म्हणजे मी, ब्लू-रे रायटर. कपाचं मला अजून वाईट वाटतं, म्हणून आधीच सांगून टाकलं.

माझा जन्म दूरच्या कारखान्यात झाला, पण माझं आयुष्य सुरू झालं ते स्टुडिओचा मालक देवेश याने मला खोक्यातून बाहेर काढलं तेव्हा. चौदा वर्षं झाली त्याला. माझ्या पोटात एक बारीक निळसर किरण आहे. कोरी डिस्क आत घातली की तो किरण तिच्यावर चित्रं आणि आवाज कोरतो. त्या काळी देवेशने दारावर पाटीच लावली होती की इथे लग्नाची ब्लू-रे मिळेल. नवरीकडचे लोक मला बघायला आत यायचे. मग पेन ड्राइव्ह आले, मोबाइल आले, आणि मी कप ठेवायच्या कामाला लागलो.

गेल्या वर्षी मात्र माझी पुन्हा आठवण झाली. लासूर स्टेशनजवळच्या एका खेड्यातून मनकर्णाबाई आल्या. बरोबर त्यांचा मुलगा सुदर्शन होता, सव्वीस वर्षांचा, इथल्याच एका कंपनीत कामाला. त्यांना हवा होता सव्वीस वर्षांपूर्वीचा सप्ताह. देवेशचे वडील मधुसूदनराव यांनी तेव्हा शेवटच्या दिवसाचं शूटिंग केलं होतं. गावाला त्यांनी त्यातला तीन तासांचा निवडक भाग दिला आणि बारा तासांच्या मूळ चार कॅसेटा माळ्यावर ठेवल्या. आता मधुसूदनराव नाहीत, पण कॅसेटा होत्या.

सप्ताह तुम्हाला माहीत असेल. सात दिवस देवळात नामस्मरण चालतं, आणि त्या सात दिवसांत वीणा जमिनीवर ठेवायची नसते. दोन दोन तासांचा पहारा असतो. एकाने उभं राहून वीणा वाजवायची, वेळ संपली की ती आपल्या गळ्यातून थेट दुसऱ्याच्या गळ्यात घालायची. शेवटच्या दिवशी सकाळी आठ ते दहा हा पहारा मनकर्णाबाईंच्या मालकांचा, नानासाहेबांचा होता. दहाला वीणा घ्यायला आलेल्या कडूबांनी मंडपाच्या दारातून पाहिलं, तर नानासाहेब खाली बसलेले. त्यांनी वीणा भुईला टेकवली असं कडूबांनी गावात सांगितलं. नानासाहेब नाही म्हणाले. मंडपात तेव्हा दुसरं कोणी नव्हतं, सगळे नाश्त्याला गेले होते. त्या वर्षापासून त्या घराला पहारा मिळाला नाही. नानासाहेब दोन वर्षांपूर्वी गेले, आणि आता सुदर्शनने वडिलांचा पहारा मागितला, तर कडूबा, जे आता सप्ताहाचे प्रमुख आहेत, नको म्हणाले.

मधुसूदनरावही नाश्त्याला गेले होते. पण त्यांचा कॅमेरा तीन पायांच्या स्टँडवर चालूच होता.

पेन ड्राइव्हमध्ये देऊ का, असं देवेशने विचारलं. सुदर्शन म्हणाला की पेन ड्राइव्हमधलं बदलता येतं, गाव म्हणेल पोराने काहीतरी जोडलं. आपल्याला एकदा लिहिलं की पुसता न येणारं पाहिजे. देवळाच्या सभागृहात टीव्हीला ब्लू-रे प्लेअर होताच, देवेशनेच मागे बसवून दिलेला. डीव्हीडीवर बारा तास घालायचे तर सहा-सात डिस्का लागल्या असत्या. ब्लू-रेवर जुनं, साध्या दर्जाचं चित्र आहे तसं ठेवलं तर बाराही तास एकाच डिस्कमध्ये मावतात. देवेशने माझ्यावरचा कप उचलला आणि मला फडक्याने पुसलं.

खरी अडचण सॉफ्टवेअरची होती. मी फक्त कोरतो. काय कोरायचं हे मला कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअर सांगतं. देवेश गंगापूरला एका लग्नाच्या शूटिंगला गेला होता, म्हणून ते काम त्याची बायको हिमानी हिने अंगावर घेतलं. कॅसेटा कॉम्प्युटरमध्ये उतरवून झाल्या होत्या. पहिल्या सॉफ्टवेअरने जुनं चौकोनी चित्र ताणून रुंद केलं. सगळे टाळकरी जाडजूड दिसायला लागले, आणि फाइल एवढी फुगली की डिस्कमध्ये मावेना. दुसऱ्याने नुसत्या फायली भरल्या, त्या प्लेअर वाचेना. तिसरं नवंकोरं होतं, रंगीत, हुशार. त्यात एक चौकट होती, कंटाळवाणे भाग आपोआप काढा म्हणून.

हिमानीने तिच्यात खूण केली. तिला दोष देऊ नका. लग्नाच्या व्हिडिओत कापणं हीच आमची कला. जेवणाच्या पंगती कापायच्या, भटजींची वाट बघणारी माणसं कापायची, गिऱ्हाईक खूश. बारा तासांचं साडेपाच तासांत बसलं, याचा तिला आनंदच झाला. मलाही झाला, हे कबूल करतो. इतक्या वर्षांनी काम मिळालं होतं. मी ते सगळं डोळे मिटून कोरलं.

डिस्क न्यायला मनकर्णाबाई आल्या, तेव्हा देवेश परतला होता. त्या म्हणाल्या, मी इथंच बघते. खुर्चीच्या कडेला बसून त्यांनी पदर सावरला. पडद्यावर आठचा पहारा लागला. तरणे नानासाहेब पुढे आले, वाकले, वीणा गळ्यात घेतली. चार मिनिटं गेली असतील. मग एकदम वीणा कडूबांच्या गळ्यात दिसली.

मनकर्णाबाई हळूच म्हणाल्या, "दोन तासाचा पहारा व्हता, बाई. यवढ्या वेळात तर चहा बी होत नाय. मंग मधी वीणा कुठं व्हती?"

हिमानीचा चेहरा उतरला. तिला त्या क्षणी कळलं की ही डिस्क गावात गेली असती, तर तोच पुरावा ठरला असता, आणि उलट्या बाजूचा. वीणा घेऊन एका जागी उभा असलेला माणूस सॉफ्टवेअरला कंटाळवाणा वाटला होता. फारसं हलत नाही, तेव्हा काढून टाका. आणि ते मी कोरलं होतं, कायमचं.

मूळ फायली शाबूत होत्या, हे नशीब. सप्ताहाला आठ दिवस उरले होते. देवेशने खणातून एक जुनी सीडी काढली. तिच्यातलं सॉफ्टवेअर रेशनच्या फॉर्मसारखं दिसतं, करड्या चौकटी आणि बारीक अक्षरं. ना रंग, ना हुशारी. ते एवढंच विचारतं की आहे तसं ठेवू का. देवेशने होय केलं. मला दीड तास लागला. मध्ये माझा किरण एकदा अडखळला, पण मी धीर धरला.

मग मनकर्णाबाईंनी सुदर्शनसोबत तो पहारा पुन्हा पाहिला, आणि या वेळी पूर्ण. तासाभराने नानासाहेब डुलायला लागले. सात दिवस एकभुक्त होते, त्या बोलल्या. एक हात खांबाला गेला, उजवा गुडघा खाली आला. पण वीणा खाली आली नाही. त्यांनी ती छातीशी वर उचलून धरली, खांद्याला टेकवली, आणि पुढची चाळीस मिनिटं ते तसेच राहिले. चित्रात काही म्हणजे काही हलत नव्हतं. नीट पाहिलं तर तारेवरचं बोट तेवढं हलत होतं. शेवटी कडूबा आले आणि त्यांनी ती वीणा गळ्यातून गळ्यात घेतली.

मनकर्णाबाईंनी डोळ्याला पदर लावला. सुदर्शन पाणी आणायला उठला, तर त्यांनी त्याला हाताने बसवलं.

"ह्याच्या बाळंतपणात व्हते मी," त्या हिमानीला म्हणाल्या, "सप्त्याला जाता आलं नाय. मालक घरी आले, तं म्या म्हनलं, गाव काय खोटं बोलंल का? त्यानंतर त्यांनी ह्यो इषय मह्यापाशी कदीच काढला नाय."

पुढचं मला सुदर्शनने प्रसादाची बुंदी आणली तेव्हा कळलं. देवळात डिस्क लावल्यावर कडूबा टीव्हीसमोर उभे राहिले ते दोन तास उभेच. त्या वयात. कोणी सतरंजीवर बसा म्हणालं, तरी बसले नाहीत. पहारा संपला तेव्हा ते सगळ्यांसमोर बोलले, "म्या दारातून एकदाच पाह्यलं, अन् सव्वीस वर्षं तेच सांगत आलो. त्याच्या मागचं म्या पाह्यलंच नव्हतं." आणि शेवटच्या दिवशी सकाळी आठला सुदर्शनच्या गळ्यात वीणा त्यांनीच घातली.

मनकर्णाबाई नंतर एकदा एकट्याच आल्या. त्यांना आणखी एक डिस्क हवी होती, घरी ठेवायला. घरी प्लेअर आहे का, असं हिमानीने विचारलं. नाही म्हणाल्या. मग कशावर बघणार?

"बघायला नगं," त्या म्हणाल्या. "आता पाह्यलंय. घरात असू द्या."

ती डिस्क कोरली आणि त्यानंतर माझा ट्रे अर्धाच उघडतो. देवेश टाचणी घालून ओढतो, पण किरण आता दमला आहे. माझ्याकडून आणखी काम होईलसं वाटत नाही. मित्रांनो, तुमच्या घरी माळ्यावर जुन्या कॅसेटा असतील तर त्या फेकू नका, बुरशी चढायच्या आत कोणाकडून तरी उतरवून घ्या. आणि उतरवणारा विचारेल की कंटाळवाणं तेवढं काढून टाकू का, तर त्याला नाही म्हणा. आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवा आणि ते पूर्ण बघा.

कप परत आला आहे माझ्यावर. पण हिमानी आता त्याच्याखाली बशी ठेवते.