मुदपाकखान्यातली काहील

सासूबाईंनी बोटाचं पेर वळवून काहिलीच्या काठावर टकटक केलं आणि कान खाली नेला.

"आजी, हात नका लावू," विक्रेता पलीकडून म्हणाला. "अँटीक आहे ती."

सासूबाईंनी आणखी एकदा वाजवलं. आवाज बद्द आला, फुटक्या मडक्यासारखा.

घराच्या मागच्या अंगणात नवी फरशी बसली होती. तिच्या मधोमध शेकोटी हवी, संध्याकाळी चार माणसं भोवती बसावीत, अशी सुनेची हौस. म्हणून दुपारची जेवणं उरकून सासूबाई, मुलगा आणि सून अशी तिघं या बागसामानाच्या दुकानात आली होती. आतापर्यंत तांब्याचा वाडगा पाहून झाला, पायांवर उभी पत्र्याची परात पाहून झाली, गॅसवर पेटणारी एक पेटीही झाली. पेटीत लाकडांच्या जागी निळ्या काचेचे खडे होते.

"यात जळणार काय? आपलं कपाळ?" सासूबाईंनी विचारलं होतं.

"आजी, ज्योत नुसती बघायला असते," असं म्हणून विक्रेत्यानं त्यांना जाळ म्हणजे काय ते समजावून सांगितलं होतं. हळू आणि मोठ्यानं, बहिऱ्याला सांगावं तसं. चौतीस वर्षं जाळापुढे उभं राहिलेल्या बाईला. मुलगा तेव्हा मोबाइलमध्ये डोकं घालून होता. सासूबाईंनी अपमानाचा तेवढा घोट गिळला.

पण सून आता काहिलीवर टांगलेली पाटी मोठ्यानं वाचत होती.

"राजघराण्याच्या मुदपाकखान्यातली शंभर वर्षांपूर्वीची काहील. अय्या! आई, बघा ना. मधोमध काय शोभेल! आणि काठावर या खाचा कसल्या हो?"

"शाही झारे टेकवायला," विक्रेता म्हणाला. "चार आचारी, चार झारे."

"खोटं आहे," सासूबाई म्हणाल्या.

"अं?"

"धादांत खोटं. झारे नाहीत आणि शाहीही नाही. कपडे ढवळायचे दांडे टेकवायच्या खाचा आहेत त्या. हात भाजून दांडा सुटायचा, तेव्हा आमच्या फिटरनं कानशीनं घासून दिल्या. इस्पितळाच्या धुलाईखान्यातली काहील आहे ही. अशा तीन होत्या, भिंतीत बसवलेल्या. खालून भट्टी आणि आत सोड्याचं पाणी. रोज सकाळी सहाला पहिला घाणा. चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे कपडे. साथीच्या वर्षी तर दिवसाला नऊ घाणे काढलेत चौघींनी."

त्या बोलत होत्या आणि नाकात तो वास भरत होता, उकळत्या सोड्याचा आणि ओल्या सुताचा. चौघींपैकी एक तोतरी होती, पण वाफेत गाणं म्हणायची तेव्हा अडखळायची नाही. डोळ्यांपुढे वाफ, हातात दांडा, आणि पलीकडून गाणं. आता चौघींतल्या दोघी उरल्या होत्या.

"आणि या मुडद्यांनी तिला मुदपाकखान्यात नेऊन बसवली! राजाच्या आचाऱ्यानं ढवळली म्हणजे किंमत, आम्ही ढवळली की भंगार?"

"आई, हळू," मुलगा म्हणाला. मोबाइल त्यानं खिशात टाकला होता. "लोक बघतायत."

"बघू देत की! वाचतायत ना पाटी? मग ऐकूही देत."

"आजी, आम्हाला माल आला तसा..." विक्रेता चाचरला.

सून मात्र अजून काहिलीकडेच बघत होती. तिनं काठावरचा हात काढून घेतला आणि नकळत ओढणीला पुसला. मग म्हणाली, "पण आई, तुम्ही तर वॉर्डात होतात ना? नर्स होतात ना तुम्ही?"

सासूबाईंना आधी कळलंच नाही. मग त्यांनी मुलाकडे पाहिलं. मुलगा पत्र्याच्या परातीखालची किमतीची चिठ्ठी लक्षपूर्वक वाचत होता.

"कोणी सांगितलं तुला?"

"यांनीच. लग्नाआधी. तुम्हीही म्हणता ना नेहमी, ड्यूटी, इस्पितळात असताना, साथीच्या वर्षी..." सुनेचा आवाज बारीक झाला. "आई, सहा वर्षं मी पोरीच्या प्रत्येक तापात तुम्हाला उठवलंय. डॉक्टरांच्या आधी तुम्हाला विचारलंय."

"विचारत होतीस. मी सांगत होते, डॉक्टरांनी लिहिलंय तेवढंच दे. कपाळावर ओली पट्टी ठेव, फोन कर. यात नर्स कुठे आली?"

"मला वाटायचं, तुम्हाला माहीत असणार."

"आणि मला वाटायचं, घरातल्या मोठ्या माणसाला विचारतेस."

विक्रेत्यानं दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे जायचं निमित्त शोधलं. सासूबाई काहिलीचा काठ धरून उभ्या होत्या. सहा वर्षांतल्या त्या हाका त्यांना एकेक करून आठवत होत्या. 'आई, जरा येता का?' ते दारावर टकटक करणं. धडपडत उठून चष्मा शोधताना गुडघे दुखायचे, पण आत कुठेतरी बरं वाटायचं. ते सगळं त्या न झालेल्या नर्सच्या वाट्याचं होतं तर.

"लाज वाटत होती का रे?" त्यांनी मुलाला विचारलं. ओरडून नाही.

"तसं नाही, आई. तिच्या घरचे सगळे शिकलेले... बोलताना निघून गेलं. मग सांगायचं राहिलं."

"त्या काहिलीवर तुझी फी भरली. पहिल्यापासून शेवटपर्यंत. ती नाही राहिली कधी."

"मला तरी सांगायचंत हो," सून नवऱ्याला म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "मी काय गिळलं असतं तुम्हाला?" तिनं आपल्या ओढणीचं टोक पाहिलं, हात जिथे पुसला होता ते, आणि ते मुठीत दाबून धरलं.

मग ती नवऱ्याला वळसा घालून सासूबाईंच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"आई, ही घ्यायची का?"

"मुळीच नाही. आवाज ऐकलास ना? हिला तडा गेलाय. शिवाय ज्याच्या बुडाखाली जाळ घालायचा, त्याच्या पोटात घालून कसं चालेल?"

"मग यातली कुठली चालेल? मला तर काहीच कळत नाही यातलं."

सासूबाईंनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. त्यात दया शोधली. सापडली तर तिथल्या तिथे परत करायची, या तयारीनं. सून ओठ चावत, खरोखरच गोंधळून, परातींच्या रांगेकडे बघत होती.

"पर्स धर," सासूबाई म्हणाल्या. पदर खोचून, एका हातानं टेबल धरून त्या गुडघ्यांवर खाली बसल्या आणि पहिल्या परातीच्या बुडाशी हात घातला.

"हिला भोकंच नाहीत. वारा कुठून घेणार? धुरानं डोळे फुटतील चारचौघांचे. पुढची दाखव. ही पातळ आहे, दोन हिवाळ्यांत वाकेल. त्या पलीकडच्या जाड पत्र्याच्या खाली बघ गं, राख काढायला झडप आहे का?"

सून वाकून बघू लागली.

मुलगा दोन पावलं पुढे आला. "आई, ऊठ ना. फरशी गार आहे. मी तुला घरी गेल्यावर सगळं नीट..."

"तू जरा थांब," सासूबाई वर न बघता म्हणाल्या. "मी कामात आहे."